वरची एक मूठ

"जकू, बोल की. कोंबड्या किती?"

मुळीक बाईंची पट्टी तक्त्यावरच्या पहिल्या कोंबडीच्या तुऱ्यावर टेकून थांबली होती. वर्गातल्या प्रत्येक पोराला उत्तर येत होतं आणि ते गिळून बसणं कुणालाच सोसवत नव्हतं. जकू बरकडे मात्र दोन्ही हात पाठीमागं धरून उभी होती. ओठ असे मिटलेले, जणू कुणी एरंडेलाचा चमचा पुढं केलाय.

"सात आहेत. नुसतं म्हण. सात."

जकू गप्प.

"बरं, बोटांवर मोज. हात पुढं घे बघू."

जकूनं हात पाठीमागं आणखी घट्ट धरले.

खिडकीबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये मी तांदूळ निवडत होते. शाळेत शिजवलेली खिचडी सुरू होऊन वर्ष झालं नव्हतं आणि गारमाळच्या दोन खोल्यांच्या शाळेत ती शिजवायचं काम माझ्याकडं आलं होतं. तिथं बसलं की आतलं सगळं ऐकू यायचं. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं शिक्षण वाण्याच्या पुडीच्या कागदांवर झालं. कितीतरी बातम्यांचा शेवट मला आजही ठाऊक नाही, कारण तो दुसऱ्या कुणाच्या पुडीला गेला. त्यामुळं पहिलीच्या वर्गात मी कान देऊन बसायचे. फुकटात शेवटापर्यंत ऐकायला मिळायचं.

"बस खाली," बाई थकून म्हणाल्या.

सकाळच्या छोट्या सुट्टीत त्या शेडपाशी आल्या. तेवीस-चोवीस वर्षांची पोरगी, पहिलीच नेमणूक, रोज तालुक्याहून जीपनं यायच्या. "मावशी, मी काय सांगू हिच्या वडिलांना? सोमवारी निघणार आहेत ते."

जकूचा बाप धुळा मेंढरंवाला. कोजागिरी झाली की धनगरांची मेंढरं कोकणाकडं निघतात, ती पार उन्हाळा सरल्यावर माघारी येतात. सगळं बिऱ्हाड घोड्यावर, पोरं पायी. जकूही दोन वर्षं अशीच चालली होती. पण यंदा धुळाची आई थकली, ती मागं गारमाळलाच राहणार होती. म्हणून जूनमध्ये धुळानं लेकीला पहिलीत घातलं आणि बाईंना सांगितलं, "पोरगी बसत आसल तर आजीपाशी ठेवतो. बसत नसल तर तसं सांगा. घेऊन जातो."

मधे एकदा बाई त्याला म्हणाल्या होत्या, "हळूहळू शिकते. फार तर एक वर्ष मागं ठेवू."

तो म्हणाला होता, "मागंच ठिवायची तर माझ्या मेंढरांमागं काय वाईट हाय?"

"हुशारी कमी आहे असं म्हणवत नाही मावशी," बाई म्हणाल्या. "अक्षरं येतात. गाणी येतात. पण मोजायचं म्हटलं की दातखिळी."

मी मान हलवली आणि निवडलेल्या तांदळातले खडे ताटलीत लोटले.

त्याच सुट्टीत, बाई गेल्यावर, जकू शेडपाशी येऊन उकिडवी बसली. तिला चुलीची सवय, वर्गात तिचा जीव घाबरा व्हायचा. थोड्या वेळानं तिनं ती खड्यांची ताटली ओढली आणि एकेक खडा जमिनीवर ठेवायला लागली. ओठ हलत होते.

"काय करतीयास?"

"खडं हायती."

"किती?"

"सदतीस," जकू म्हणाली.

मी निवडणं थांबवलं. मग स्वतः मोजले. सदतीसच होते. मला पुन्हा मोजावे लागले, तिला नाही.

आता माझ्यात एक खोड आहे. एखादी गोष्ट कळली नाही की भाजीत मीठ पडलं की नाही हेसुद्धा मी विसरते. त्या दिवशीची खिचडी अळणी झाली, थोरल्या वर्गांच्या गुरुजींनी गपचूप खाल्ली. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून जकूवर पाळत ठेवली.

चुलीपाशी जळणाची लाकडं होती. "जकू, लाकडं किती?" "आकरा." शाळेच्या पायऱ्या? "चार. आन् एक फुटकी." बटाटे? "धा." दारच्या शेवग्याला शेंगा लागल्या होत्या. "वर किती शेंगा दिसत्यात गं?" तिनं वर बघितलं आणि तोंड मिटलं. मी आकडीनं शेंगा पाडल्या. "आता?" "सा."

"आगं, मगाशीबी साच हुत्या."

"मगाशी झाडाला हुत्या," जकू म्हणाली. एवढंही मला कळत नाही याचं तिला नवल वाटलं.

मग मी मुंगळ्यांची रांग दाखवली. गप्प. कुंपणावरचे दोन सरडे. दोन! ते सांगायला काय लागतं? गप्प. पाण्याच्या टाकीपाशी रांगेत उभी पोरं. मान खाली. मग मी एकदम विचारलं, "तुझ्या हाताला बोटं किती?" तिनं दोन्ही हात परकराच्या ओच्यात लपवले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हटलं, "जे जित्तं हाय ते मोजायचं न्हाय. व्हय ना?"

जकूनं चुलीकडं बघत मान हलवली, अगदी बारीक.

"का गं?"

"मोजलं की कमी हुतं."

"कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला लागतंय?"

बरोबर होतं तिचं. मला तरी कुणी सांगितलं होतं? माझ्या आईनं जन्मात भाकरी मोजून केल्या नाहीत. मोजून भाकरी केल्या की घरातली बरकत जाते. खिचडीसाठी मी मूठ मूठ तांदूळ घालायचे, गुरुजी हजेरीचा आकडा सांगतील तितक्या मुठी, कारण पंचायतीचा तराजू अजून यायचा होता. आणि शेवटी वरची एक मूठ. कुणाच्या नावाची नाही. अशीच, जरा हात राखून घेतलेली.

पण हे सगळं मला त्या दिवशी सुचलं नाही. मला एवढंच दिसलं की कोडं सुटलं, आणि मी स्वतःवर भारी खूश झाले.

मी तिला आणखी काही विचारणार, तेवढ्यात बाई कसलासा कागद घेऊन आल्या. वस्तीतल्या सगळ्यांची माहिती भरायची होती. "मावशी, तुमचं राहिलंय. पूर्ण नाव?"

"हौसा दिनकर खरात."

"शिक्षण चौथी. मुलं किती?"

"दोन," मी म्हटलं, आणि खिचडी ढवळली. ढवळायची काही गरज नव्हती.

बाईंनी लिहून घेतलं. जकू माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, मीही जित्तं मोजलं म्हणून बघतेय.

बाई गेल्यावर मी माझं शहाणपण काढलं. "जकू, बाईंच्या तक्त्यावरच्या कोंबड्या अंडी घालत्यात का?"

"न्हाय."

"वरडत्यात का?"

"न्हाय."

"दाणं टाकलं तर खातील का?"

तिनं खिडकीतून आत डोकावून तक्ता नीट निरखला. ही गोष्ट तिला तपासून बघावीशी वाटली. "पान्यात भिजल्या तर मरत्यात?"

"मरत न्हाईत. कागद फाटतो."

"मंग जित्त्या न्हाईत."

"तेच सांगतीया मी."

तिनं बराच विचार केला. चुलीतलं एक लाकूड जळून खाली पडलं तरी तिचा विचार चालूच होता. "तुम्ही म्हनताय म्हंजे..." ती म्हणाली.

शुक्रवारी पट्टी कोंबडीवर टेकली आणि जकूनं सांगितलं, "सात."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. बाईंनी दुसरा तक्ता लावला. ससे पाच. मोर तीन. मासे नऊ. एकही चूक नाही. बाईंनी जकूला रंगीत खडूचा अख्खा तुकडा दिला आणि खिडकीतून माझ्याकडं बघून हसल्या. मी पदरानं डोळे पुसले. धूर गेला होता डोळ्यांत, असं मी मनातल्या मनात म्हटलं.

जेवणाच्या सुट्टीत जकू ताट घेऊन आली खरी, पण खाईना. ताट ठेवून वर्गात गेली, परत आली. पुन्हा गेली.

"काय गं, काय विसरलं?"

"कोंबड्या हायत का बघून आली."

"मग?"

"हायत." ती एक घास खायची आणि दाराकडं बघायची. "सातच हायत न्हवं मावशी? रातचीबी सातच राहतील?"

"राहतील गं बाय," मी म्हटलं, आणि तिच्या ताटात आणखी खिचडी वाढली. तिनं काय विचारलं ते मी ऐकलं, पण ऐकलं नाही.

सुट्टी झाली. बाई नेहमीसारख्या जीपकडं पळताना ओरडल्या, "येते हं मावशी!" शनिवारी सकाळची शाळा होती आणि शनिवारी सकाळी धुळा मेंढरं घेऊन शाळेच्या बाजूनं जाणार, हे बाईंना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी साडेनऊच्या सुमाराला घुंगरांचा आवाज आला. माळावरून धूळ उठली आणि धूळ खाली बसली तशी मेंढरं दिसायला लागली. पांढरी, काळी, बांडी. बाई कुंपणापाशी धावत गेल्या. "धुळाभाऊ! थांबा, थांबा. तुमची लेक काय शिकलीय ती बघून जा."

धुळा थांबला. उंच, वाळका, डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडं, बोलायला महाग माणूस. लेकीला बघून त्याच्या मिशा जरा हलल्या.

बाईंनी जकूला कुंपणापाशी उभं केलं. खांद्यावर हात ठेवला. बाईंच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की कुणालाही राग यायची सोय नव्हती. "जकू, दाखव बाबांना. त्यांची मेंढरं मोज बघू."

जकूनं वर बघितलं. बापाकडं नाही, बाईंकडं नाही. तिनं मागं वळून शेडकडं बघितलं. माझ्याकडं.

मी मान हलवली.

का हलवली, हे मी पुढं खूप वेळा स्वतःला विचारलं. हातात पळी होती, बाई खूश होत्या, खिचडी लागायच्या बेतात होती. पोरगी बघतेय, काही विचारतेय, तर मान हलवायची अशी सवय असते आपल्याला. तेवढंच कारण. मान हलली.

"येक," जकू म्हणाली. "दोन. ती..."

धुळानं कुंपणावरून हात घालून तिच्या तोंडावर ठेवला. मारलं नाही. नुसता तळहात, दार लोटावं तसा. मग कमरेची पिशवी सोडली, मूठभर भंडारा घेतला आणि मेंढरांवर उधळला. एकदा, दोनदा. पिवळी धूळ लोकरीवर बसली.

"मोजाया शिकीवलं व्हय," तो हळूच म्हणाला. "माझीच मेंढरं, माझ्याच लेकीला."

"अहो पण..." बाई म्हणाल्या.

"न्हाय बाई. तुमचा राग न्हाय." त्यानं जकूला कुंपणावरून उचलून आपल्या बाजूला घेतलं. "सोमवारी चालली ही माझ्यासंगं."

जकू रडत नव्हती. ती जाणाऱ्या मेंढरांकडं बघत होती, मागं वळून, पुढं होऊन, एकेकीचं तोंड. हायत का बघत होती.

त्या दिवशी खिचडी खालून लागली.

पोरं गेल्यावर बाई शेडमध्ये येऊन जळणावरच बसल्या. "माझं काय चुकलं मावशी? काल तर तिनं ससे मोजले होते!"

मी सगळं सांगितलं. खडे, शेंगा, सरडे, बोटं. कागदाच्या कोंबड्यांचं माझं शहाणपणही सांगितलं.

बाई उठून उभ्या राहिल्या. "पण ही अंधश्रद्धा झाली! शाळेत आपण हे चालवायचं?"

"बाई, एक इचारू? रोज घरी निघताना तुम्ही काय म्हणता मला?"

"काय म्हणते? येते म्हणते."

"आन् करता काय?"

बाईंनी जीपच्या वाटेकडं बघितलं.

"जाता," मी म्हटलं. "रोज जाता. पर 'जाते' म्हणत न्हाई. तुमच्या आईनं म्हणू दिलं नसंल. बांगडी फुटली तरी आपण वाढली म्हणतो. आपण म्हणतो ती रीत, आन् त्या पोरीनं म्हटलं की अंधश्रद्धा."

बाईंना हसू आलं आणि ते त्यांना नको होतं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. पण मावशी, गणित तर तिला आलंच पाहिजे ना? उद्या बाजारात, दवाखान्यात, एसटीत... जगायचं कसं तिनं?"

पुडीच्या कागदावर इथंच पान फाटलेलं असायचं. "तेच इचारायला जाते उद्या," मी म्हटलं. "त्यांच्या घरी."

रविवारी दिवस कलताना मी माळ ओलांडून गेले. दोन खोपटी, चार बाभळी आणि मधे दोऱ्याच्या जाळीचं गोल कुंपण. त्याला वाघर म्हणतात. खोपटाबाहेर बांधाबांध चालली होती, घोड्याचं खोगीर काढून ठेवलं होतं. धुळानं मला बघितलं, या म्हणाला नाही, जा पण म्हणाला नाही. त्याची आई, ठकूआजी, वाघरीच्या तोंडाशी बसली होती. समोर दुसऱ्या अंगाला जकू. मेंढरं आत येत होती.

आजी प्रत्येकीच्या पाठीवरून हात फिरवायची आणि बोलायची. "आलीस गं बांडे. तू कशाला ढकलतीयास, आं? लंगड्या, आज लवकर? कानफाटी आली. कानफाटीचं लेकरू आलं. ही कोण, चांदी... जा आत, जा." अंधुक होत चाललं होतं तरी हात चुकत नव्हता. जकूही पलीकडून बघत होती, ओठ हलत होते, पण आकडे नव्हते त्यात. नावं होती.

मेंढरं सरली. आजीचा हात हवेत थांबला.

"भुरी न्हाय आली," जकू म्हणाली.

"न्हाय आली," आजी म्हणाली.

धुळानं एक शीळ घातली, कुत्रं पुढं पळालं, दोघं ओढ्याकडं गेले. थोड्या वेळानं बाभळीच्या काट्यात अडकलेली एक भुरकट मेंढी घेऊन आले. आजीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "आता समदी आली."

माझी खोड कुठं जाते? मी विचारलं, "आजी, समदी मिळून किती..."

आणि जीभ चावली.

धुळाचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण म्हातारी खुदकन हसली. तोंडात दोनच दात, ते मोजायला हरकत नव्हती. "बस बाय. तूच ती खिचडीवाली. आमच्या जकीला कोंबड्या मोजाया लावणारी."

"मीच. चुकलं माझं." मी खाली बसले. "कागदाच्या म्हणून सांगितलं आन् पुढं खऱ्या मेंढरांलाबी मान हलीवली. बाईंचं काय न्हाय त्यात. मी हलीवली."

जकूनं माझ्याकडं बघितलं. ते तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं, असं मला वाटलं.

आजी म्हणाली, "मागं एकदा एक कागुदवाला आला हुता. धुळा ह्या जकीएवढा हुता तवा. समदी मोजून घेतली, वहीत मांडली. म्होरल्या आवसंपातूर निम्मी बसली, ती उठलीच न्हाईत. रोगानं बसली आसं डागदर म्हनला. रोगानंच बसली आसतील. पर तवापासनं आमी मोजीत न्हाय."

"आन् साळंत मोजल्याबिगर चालत न्हाय," धुळा म्हणाला. त्या संध्याकाळी तो पहिल्यांदाच बोलला. "मंग पोरीनं काय करावं? साळंत एक आन् घरात एक? दोन तोंडांची पोर मला नगं."

तो बरोबर बोलत होता. मी माझ्याच मांडीवरच्या हाताकडं बघत होते. बघता बघता मूठ वळली.

"धुळाभाऊ, मी रोज इतक्या पोरांना जेवाय घालते, पर त्यांना मोजीत न्हाय. मला जमत न्हाय ते. मी मुठी मोजते. एका पोराची एक मूठ. मूठ जित्ती नसती, तांदूळ जित्तं नसत्यात. जकूनं सदतीस खडं मोजल्यालं माझ्या डोळ्यांम्होरं हाय, पाटलाच्या पोराला न्हाय येत. तिनं पोरं मोजू नयेत, मेंढरं मोजू नयेत. एकेकाचं तोंड बघावं, त्याच्या नावानं एक खडा ठेवावा आन् खडं मोजावं. घरात जसं आजी करती, तसंच. फकस्त हातात खडं."

मेंढरं रवंथ करत होती.

"समद्यांच्या मुठी घालतीस?" आजीनं विचारलं.

"समद्यांच्या. आन् वर एक."

"ती कुणाची?"

"कुणाची न्हाय. अशीच."

"आशीच कशी? कुणाची न्हाय आसं काय नसतं." म्हातारी माझ्याकडं जरा पुढं झुकली. "लेकरं कोण कोण तुला?"

किती, असं विचारलं असतं तर माझं उत्तर तयार होतं. दोन. चार वर्षं मी तेच देत होते. फॉर्मवर, लग्नकार्यात, दवाखान्यात. मनात एक पायरी उतरायची आणि दोन म्हणायचं. पण कोण कोण, असं मला कुणी विचारलंच नव्हतं.

"विलास," मी म्हटलं. "मग छबू. आन्..." खालची माती ओली नव्हती तरी मी ती बोटानं उकरत होते. "आन् मधली नंदा."

"नंदा साळंत न्हाय येत," जकू म्हणाली. सगळ्या शाळेची तोंडं तिला पाठ होती.

"न्हाय बाय. ती न्हाय येत. तापानं गेली ती."

आजीनं हात पुढं केला आणि माझ्या पाठीवरून फिरवला, मघाशी मेंढरांच्या पाठीवरून फिरवला तस्साच. "आसू दे. नाव घेतलं न्हवं? आली कळपात."

धुळा उठला. निघताना मी त्याला विचारलं, "मग उद्या?"

"बाई ऐकतील का तुमचं?"

"न ऐकून जात्यात कुठं? जेवायला माझ्याचकडं येत्यात."

तो हसला नाही. "सकाळी बघू," एवढंच म्हणाला.

सोमवारी सकाळी मी चूल पेटवायच्या आधी घुंगरांचा आवाज ऐकला. माळाच्या पलीकडच्या वाटेनं मेंढरं, दोन घोडी आणि माणसं चालली होती. लांबून पोरं दिसत होती. कुठलं कुणाचं ते कळत नव्हतं. जकूला कळलं असतं.

बाई त्या दिवशी लवकर आल्या. हातात पितळी वाटी आणि वाटीत चिंचोके. "आईकडनं आणलेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही शनिवारी सांगितलेल्या खड्यांपेक्षा बरे. हाताला गुळगुळीत लागतात." मी त्यांना जकूच्या घरचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वाटी दाराच्या उंबऱ्यावर ठेवली आणि माळाकडं बघत उभ्या राहिल्या.

घंटा झाली. प्रार्थना झाली. पोरं वर्गात जायला लागली. गुरुजी चौथीच्या खोलीत गेले.

आणि मग बांधावरून ठकूआजीची काठी दिसली, मागोमाग जकू. बापाच्या घोंगड्याचा एक तुकडा तिनं दप्तरासारखा खांद्यावर टाकला होता. ती दारापाशी येऊन थांबली. बाई खाली बसल्या, तिच्या उंचीला आल्या आणि म्हणाल्या, "जकू, मला सांग. आज कोण कोण आलंय?"

जकूनं वाटीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी मान हलवली नाही. नुसती उभी राहिले. ठरवू दे तिचं तिनं.

तिनं वाटी उचलली आणि दोन्ही खोल्यांतून एक फेरी मारली. प्रत्येकाच्या समोर उभी राहायची, तोंड बघायची, काहीतरी पुटपुटायची आणि एक चिंचोका आपल्या ओच्यात टाकायची. पोरांना आधी हसू आलं. मग ती नीट बसायला लागली. आपल्याकडं असं कुणी बघितलं की माणूस जरा सरळच बसतं. परत येऊन तिनं शेवटचा एक स्वतःच्या नावानं टाकला, ओचा उंबऱ्यावर रिकामा केला, मोजलं आणि म्हणाली, "आडतीस चिचूकं."

बाईंनी हजेरीपट उघडला.

"बाळू, सुनी आन् तानाजी न्हाय आलं," जकू म्हणाली. पट तोवर पहिल्या पानावरच होता.

ती चार वर्षं त्या शाळेत बसली. तिच्या उन्हाळी सुट्टीतल्या वाटा, तिचे पुढचे वर्ग, ते सगळं वेगळं. आता ती तालुक्याच्या पशुदवाखान्यात कामाला आहे आणि लोक सांगतात, ती आजारी जनावरं किती असं विचारत नाही, कोण कोण असं विचारते. लोक काहीही सांगतात, पण हे मला खोटं वाटत नाही.

मला सांगायचं होतं ते त्या सोमवारचंच. बाईंनी शेडमध्ये येऊन आकडा सांगितला. अडतीस. मी आधण ठेवलं, डाळ टाकली आणि तांदळाला हात घातला. एक मूठ, दोन मुठी. चिंचोक्यांची वाटी बाईंना परत द्यायला म्हणून जकू आली होती, ती तिथंच बघत उभी राहिली. अडतीस झाल्या. मग मी सवयीनं वरची एक घेतली.

"ही नंदाची?" जकूनं विचारलं.

आधण उसळत होतं. "व्हय," मी म्हटलं. "नंदाची."

तिनं माझ्या हाताकडं नीट वाकून बघितलं.

"लई ल्हान घेतलीसा," ती म्हणाली.

मी ती मूठ पोत्यात सोडली. आणि पुन्हा, पोत्यात खोल हात घालून, भरगच्च घेतली.